चौथ्या नंबरचा चहा

मागच्या रविवारी व्हिडिओवर धाकटीने विचारलं, ‘आजी, आमची टीम टॉप फोरमध्ये गेली नाही तर काय होईल?’ आणि मी पटकन म्हणाले, ‘चहा बंद.’ तुम्ही दोघं एकमेकांकडे पाहायला लागलात. आजीचं आता वय झालं, हे तुमच्या चेहऱ्यांवर स्वच्छ लिहिलेलं होतं. ते खरंच आहे, पण चहाचं कारण वेगळं आहे. ते नीट क्रमाने सांगते. तिकडे सिडनीत, स्कोफिल्ड्सला, तुमची आई हे तुम्हाला वाचून दाखवेल आणि मधेमधे ‘असं काही नव्हतं हं’ म्हणेल. तिकडे लक्ष देऊ नका. तेव्हा ती शाळकरी होती आणि मैदानावर तिचं सगळं लक्ष कॅन्टीनमधल्या आइस ब्लॉककडे, म्हणजे बर्फाच्या कांडीकडे असायचं.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. तुमचे आजोबा इथे डार्विनला हॉस्पिटलात हाडांचे डॉक्टर होते. आम्ही खांबांवर उभ्या असलेल्या एका घरात राहायचो. वर राहायचं आणि खाली गाडी, वॉशिंग मशीन आणि वाळत घातलेले कपडे. वरची जमीन लाकडी फळ्यांची, आणि फळ्यांमध्ये बोटभर फटी. या फटी लक्षात ठेवा, पुढे लागतील.

माझे सासरे गेल्यावर माझ्या सासूबाई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या. मी त्यांना आई म्हणायचे, इथे तुमच्यासाठी पणजी म्हणते. नऊवारी नेसायच्या, पायात कॅनव्हासचे बूट, आणि मत प्रत्येक गोष्टीवर. अडचण अशी की मत ऐकायला माणसं नव्हती. डार्विनमध्ये तेव्हा मराठी बोलणारे थोडेच, आणि त्यातले निम्मे नेहमी शिफ्टवर. तुमची आई त्यांना इंग्रजीत उत्तर द्यायची. मी दिवसभर त्यांच्याशी बोलायचे, पण सुनेशी बोलणं हे बोलण्यात धरत नाहीत.

त्यांचा खरा सोबती म्हणजे चहा. पहाटे एक, आंघोळीनंतर एक, दुपारी झोपून उठल्यावर एक, आणि मधे कोणी आलं तर त्याच्यासाठी म्हणून एक. गवती चहा मी नळाजवळ लावला होता, आलं चायनीज दुकानात मिळायचं. इथला पिशवीचा चहा त्यांनी पहिल्याच आठवड्यात हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये पाहिला. दोऱ्याला धरून ती पिशवी वर-खाली होताना त्या बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘मोजा धुतायत का?’

बेसबॉल आमच्या घरात शिरला तो एका मोडलेल्या बोटातून. एका क्लबचा कप्तान आजोबांकडे बोट घेऊन आला. पेशाने तो प्लंबर, आणि टीममध्ये विकेटकीपरच्या जागी बसणारा, म्हणजे कॅचर. बोट बरं झाल्यावर त्याने आम्हाला शनिवारी मॅच बघायला बोलावलं. आजोबा नाक मुरडूनच गेले. ते कॉलेजच्या टीममधून क्रिकेट खेळलेले होते. बारावा खेळाडू म्हणून, पण हे ते सांगत नसत. त्यांचं म्हणणं, ज्या खेळात चेंडूचा टप्पाच पडत नाही तो खेळ कसला? सगळेच फुलटॉस, आणि तरीही यांना लागत नाहीत.

पणजींना क्रिकेटचं हे सोवळं नव्हतं. त्या लहानपणी वाड्यातल्या मुलांबरोबर लगोरी आणि लंगडी खेळलेल्या होत्या. त्यांनी दहा मिनिटं पाहिलं आणि खेळ त्यांना कळला. मारायचं, पळायचं, वाटेत तीन ठिकाणी टेकायचं आणि सुखरूप घरी परत यायचं. सुरुवातीच्या जागेला ही मंडळी ‘होम’ म्हणतात, हे मी सांगितल्यावर त्या एकदम खूश झाल्या. ‘मग बरोबरच आहे,’ म्हणाल्या. क्रिकेटमध्ये माणूस दिवसभर इकडून तिकडे पळतो आणि पोचत कुठेच नाही, ही त्यांची जुनी तक्रार होती.

त्यानंतर दर शनिवारी दुपारी आम्ही मैदानावर. आमची टीम गरीब. प्लंबर, एक बेकरीवाला, दोन शिक्षक, बाकी जो मिळेल तो. कित्येक वर्षांत ते पहिल्या चारात आले नव्हते, आणि पहिल्या चारच टीम फायनल्समध्ये जातात. त्यांचे प्रेक्षक म्हणजे घडीच्या खुर्च्या आणि बिअरचे डबे घेऊन आंब्याच्या सावलीत बसणारी पाच-सात कुटुंबं. त्यांनी पणजींना नॅन, म्हणजे आजी, केलं आणि सावलीतली सगळ्यात चांगली जागा दिली. त्या मराठीत बोलायच्या, ते इंग्रजीत बोलायचे, आणि दोन्हीकडे फक्त अंपायरबद्दल बोलणं चालू असल्यामुळे कुणाला काही अडलं नाही.

एक गंमत मात्र मला फार उशिरा समजली. पणजी ओरडायच्या एकच शब्द: ‘पळ’. कुणी बेसवर, म्हणजे वाटेतल्या त्या तीन ठिकाणांपैकी एकावर असला की, ‘पळ रे, पळ.’ एके दिवशी कप्तान मला म्हणाला की तुझ्या मदर-इन-लॉची नजर विलक्षण आहे, चेंडू कुठे मारायचा हे तिला आधीच कळतं. मला अर्थ लागेना. मग लक्षात आलं. त्यांना ‘पळ’ ऐकू जात होतं ‘पुल’ असं. क्रिकेटमधला पुल तुम्हाला माहीत आहे, चेंडू जोरात डाव्या बाजूला ओढून मारायचा. बेसबॉलमध्येही तोच शब्द आहे. पणजी बेसवरच्या माणसाला पळायला सांगत होत्या आणि बॅट धरलेला माणूस आज्ञा पाळून डावीकडे हाणत होता. आणि तो चेंडू लागतही होता. मी आजोबांना सांगितलं. आजोबा म्हणाले, ‘गप्प बस. जिंकतायत ना?’ बघा, टप्पा न पडणारा खेळ कुठपर्यंत पोचला होता.

आता नवसाकडे येते.

सीझनचे शेवटचे काही आठवडे उरले होते. हवा जड व्हायला लागली होती, दुपारी सगळं डार्विन चिडलेलं असायचं. आमची टीम पाचवी होती. एका मॅचमध्ये बेकरीवाल्याने बॅट आडवी धरून चेंडूला नुसतं टेकवलं. चेंडू जेमतेम चार हात गेला, बेकरीवाला सपशेल बाद झाला, आणि सगळे टाळ्या वाजवायला लागले. पणजींनी विचारलं, ‘अगं, बाद झाला तर टाळ्या का?’

मी त्यांना समजावलं की तो मुद्दाम बाद झाला. तो बाद होईपर्यंत पुढचा माणूस एक बेस पुढे सरकला. याला इंग्रजीत सॅक्रिफाइस म्हणतात. त्यावर त्यांनी विचारलं, म्हणजे मराठीत काय? इथे माझं बी.ए. आड आलं. बळी म्हटलं असतं तर भागलं असतं. पण माझ्यातली इंग्रजी साहित्याची विद्यार्थिनी जागी झाली आणि मी म्हणाले, ‘त्याग.’

पणजी बराच वेळ बेकरीवाल्याकडे बघत राहिल्या. तो खाली बसून बुटातली माती झाडत होता. घरी आल्या, हातपाय धुतले, फ्रिजवर ठेवलेल्या गणपतीसमोर उभ्या राहिल्या आणि आम्हाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, ‘ती परकी पोरं त्याग करतायत आणि मी नुसती खुर्चीवर बसून बघते. ही मुलं पहिल्या चारात आली की मग चहा घेईन.’

मी गॅसवर आधण ठेवलं होतं. ते बंद केलं.

आजोबांना आधी हसू आलं. मग त्यांनी परतीच्या तिकिटाची तारीख आठवून पाहिली आणि त्यांचं हसू गेलं. फायनल्स संपल्यावर पणजी पुण्याला परतणार होत्या. टीम यंदा चारात आली नाही तर नवस तसाच राहणार, आणि ही टीम पुढे कधी चारात येईल याचा भरवसा काय? म्हणजे या टीमने हाराकिरी केली तर एक पुणेरी बाई उरलेलं आयुष्य चहाशिवाय काढणार. पुण्याच्या मोठ्या जाऊबाई मला काय म्हणतील ते मला पाठ होतं: ऑस्ट्रेलियात नेलं आणि चहा सोडवला.

‘देवाने कुठे चहा मागितला होता?’ आजोबा मला म्हणाले. ‘आणि तू तरी त्याग कशाला म्हणालीस? बळी म्हणाली असतीस तर तिला किळस आली असती आणि आपण सगळे सुखात राहिलो असतो.’

चहा सुटलेली पणजी हे प्रकरण तुम्ही पाहायला हवं होतं. पहिले काही दिवस डोकं दुखलं. नंतर आमची दुखली. त्यांना माझं फोडणी घालणं ऐकू यायला लागलं. तुमच्या आईचं चघळणं ऐकू यायला लागलं. आमचा चहा बंद करू नका, असं त्या स्वतःच म्हणाल्या, पण आम्ही कप उचलला की समोर बसून कपाकडे असं बघायच्या की घोट उतरत नसे. शेवटी आजोबा आपला कप घेऊन जिना उतरायचे आणि वॉशिंग मशीनला टेकून चोरून चहा प्यायचे. पण त्या फटी. वास सरळ वर. वरून आवाज यायचा, ‘आज आलं कमी पडलंय.’ नावाजलेला हाडांचा डॉक्टर, पण खाली गाडीच्या मागे कप लपवून उभा.

मग आम्हीही खरे भक्त झालो. सोमवारचा पेपर आला की आधी क्लबांचा तक्ता. पणजींना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण आमच्या टीमची ओळ त्या आकारावरून ओळखायच्या आणि तिच्यावर बोट ठेवायच्या. आजोबा हॉस्पिटलात राउंड घेताना इतर टीमचे खेळाडू असलेल्या पेशंटांची फार आस्थेने चौकशी करायचे. चौथ्या टीमच्या पिचरचा, म्हणजे त्यांच्या बोलरचा, खांदा दुखत होता. आजोबांनी त्याला पूर्ण विश्रांती सांगितली. वैद्यकीयदृष्ट्या ते योग्यच होतं, असं ते मला तीनदा म्हणाले.

मी माझ्या परीने तयारी ठेवली. कधी कुठल्या मॅचमध्ये नवस फिटेल सांगता येत नाही, म्हणून दर शनिवारी चहा करून थर्मासमध्ये भरायचा, कप फडक्यात गुंडाळायचा आणि पिशवी खुर्चीखाली ठेवायची. दर शनिवारी तो तसाच परत आणून ओतून द्यायचा. गवती चहाचं बेट अर्धं झालं.

साखळीतली शेवटची मॅच आली. जिंकलो तर चौथे, हरलो तर पाचवे. समोर नौदलाची टीम होती आणि ती आमच्यापेक्षा कितीतरी चांगली. त्या शनिवारी आम्ही वेळेआधी जाऊन बसलो. आमची मुलं मैदानात उतरली. समोरून तिघंच आले. बाकीच्यांच्या बोटीला आदल्या दिवशी अचानक समुद्रावर जायचा हुकूम आला होता. अंपायरने ठरलेला वेळ वाट पाहिली, घड्याळ खिशात टाकलं आणि मॅच आम्हाला देऊन टाकली. नियमाप्रमाणे नऊ-शून्य.

सगळ्यांनी उड्या मारल्या. बिअरचे डबे फुटले. आजोबांनी मला मिठी मारली, जे त्यांनी आमच्या लग्नातही केलं नव्हतं. मी थर्मास काढला, कप पुसला आणि पणजींसमोर धरला.

‘हे काय?’

‘चहा. चारात आले ना.’

‘खेळले कुठे?’ पणजी म्हणाल्या. ‘ही तर पुढे चाल मिळाली.’

पुढे चाल हा शब्द तुम्हाला माहीत नसेल. आपल्याकडे खो-खो, कबड्डीच्या स्पर्धेत समोरचा संघ आलाच नाही की न खेळता पुढच्या फेरीत जातात, त्याला पुढे चाल म्हणतात. माझ्या सासूबाई हा शब्द ज्या सुरात म्हणाल्या त्या सुरात मी फक्त नासक्या दुधाबद्दल बोललेलं ऐकलं होतं.

घरी येईपर्यंत गाडीत वाद चालला. मी म्हणाले, नवसाचे शब्द आठवा. पहिल्या चारात आली की, एवढंच तुम्ही म्हणालात. कसे यावेत याची अट नव्हती. आजोबा म्हणाले, आई, बोट समुद्रावर गेली ही गणपतीचीच करणी. पणजींनी दोघांचं ऐकून घेतलं. ‘आपली पोरं चारात आली नाहीत, त्यांना आणून बसवलं,’ त्या म्हणाल्या. ‘मी खेळाचा नवस बोलले. गणपतीला काय सांगू, नौदलाने चहा दिला?’

त्यांच्या हिशेबाने आता सेमीफायनल खरोखर जिंकायला हवी होती. तिसऱ्या आणि चौथ्या नंबरची मॅच. जो हरेल तो घरी. आणि त्यानंतर विमान. आजोबांनी सरावाच्या दिवशी मैदानावर कप्तानाला त्याच्या गाडीपाशी गाठून सगळं सांगितलं. हाडांच्या डॉक्टरने आईच्या चहासाठी एका प्लंबरला गळ घालणं हे दृश्य मी दुरून पाहिलं. कप्तानाने कॅप काढली, डोकं खाजवलं, आणि पुढच्या शनिवारी टीममधल्या प्रत्येकाने येऊन पणजींना सांगितलं की नॅन, आज आम्ही तुझ्या टीसाठी खेळतोय. पणजींना फक्त टी कळलं. त्या गंभीरपणे मान हलवत राहिल्या.

ती मॅच फार चांगली झाली, हे मला आजही मान्य करावं लागतं. शेवटच्या पाळीत आम्ही एका रनने मागे होतो. आमचा एक माणूस तिसऱ्या बेसवर, म्हणजे घरापासून एकच पल्ला दूर. तीन गडी बाद झाले की पाळी संपते, आणि आमचा एकच बाद झालेला. बॅटला कप्तान. त्याने बॅट आडवी धरली. सगळ्यांना कळलं, हा आता त्याग करणार. चेंडूला नुसतं टेकवणार, स्वतः बाद होणार, आणि तिसऱ्या बेसवरचा घरी येणार. बरोबरी. पणजींनाही कळलं. चेंडू सुटायला आणि त्या खुर्चीतून उठायला एकच गाठ पडली.

‘पळ,’ त्या ओरडल्या, ‘पळ रे, पळ, घरी ये!’

तिसऱ्या बेसवरचा तसाही सुटलाच होता. पण कप्तानाने संपूर्ण सीझन हा शब्द ऐकला होता, आणि तो ऐकून त्याचं कधी नुकसान झालं नव्हतं. त्याने आडवी बॅट सोडली, मागे घेतली आणि जिवाच्या कराराने चेंडू डावीकडे पुल केला. इतका जोरदार फटका त्याने आयुष्यात मारला नसेल. तो सरळ तिसऱ्या बेसवर उभ्या असलेल्या समोरच्या गड्याच्या हातात गेला. झेल. कप्तान बाद. झेल झाला की पळणाऱ्याला आधी आपल्या बेसवर परतावं लागतं, पण घराकडे निघालेला आमचा माणूस मागे वळेपर्यंत त्या गड्याने बेसवर पाय ठेवला. तोही बाद. एका शब्दात दोन गडी गेले आणि सीझन संपला.

आजोबा डोळे मिटून बसले. मला समोर पुण्याचा विमानतळ आणि जाऊबाई दिसायला लागल्या.

कप्तान मातीने भरलेला आमच्याकडे आला, कॅप काढली आणि म्हणाला, ‘सॉरी, नॅन. पुल केला खरा, पण त्याच्या हातात गेला.’

‘काय म्हणतोय?’ पणजींनी मला विचारलं.

आजोबांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. भाषांतराचा माझा अनुभव आम्हा दोघांनाही ताजा होता. मी म्हणाले, ‘माफी मागतोय. हरल्याबद्दल.’

‘त्यात माफी कसली? छान खेळला.’ पणजींनी त्याच्या दंडावरची माती झटकली. मग एकदम थांबल्या. ‘त्याला विचार, मग आता हे कितवे?’

मी विचारलं. कप्तान बिचारा खाली बघून म्हणाला की चौथे.

‘चौथे,’ पणजी म्हणाल्या. त्यांनी ते स्वतःशी पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. ‘पहिल्या चारात चौथा असतोच की. परवा यांना आणून बसवलं होतं. आज यांनी खेळून नंबर काढला.’ आणि खुर्चीत बसून पदर सारखा केला. ‘चल, आण चहा.’

मी थर्मास उघडला. ती दुपार डार्विनची, आणि घरातून निघायच्या गडबडीत दूध कालचं. झाकण काढताच कळलं की फाटलंय. इतक्या आठवड्यांत एकदाही फाटलं नव्हतं. माझ्या आयुष्यात मी इतकी घाबरलेली नाही.

आजोबा उठले आणि कॅन्टीनकडे पळत सुटले. खरंच पळत, बारावा खेळाडू शेवटी मैदानात उतरला. परत आले तेव्हा हातात थर्माकोलचा पांढरा कप होता, आणि कपाच्या काठावरून तो दोरा लोंबत होता.

पणजींनी मोज्याकडे पाहिलं. फुंकर घातली. एक घोट घेतला आणि डोळे मिटले. सगळी टीम बिअर हातात धरून, श्वास रोखून त्यांच्याकडे बघत उभी होती. मॅच हरलेली माणसं इतकी आशेने कुणाकडे बघताना मी पाहिलेली नाहीत.

‘पाणी गरम आहे,’ पणजी म्हणाल्या.

मी भाषांतर केलं, ‘ती म्हणते, उत्तम आहे.’ टीमने जो जल्लोष केला, तो ऐकून पलीकडची जिंकलेली टीमसुद्धा वळून बघायला लागली. कप्तानाने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, आपण हरलोय हे नॅनला माहीत आहे ना? मी म्हटलं, तिला सगळं माहीत आहे, फक्त पुल माहीत नाही. त्याला काही कळलं नाही, आणि मी पुढे सांगितलं नाही. पणजींनाही कधी सांगितलं नाही. त्या पुढे पंधरा वर्षं पुण्यात रोज चार कप चहा प्यायल्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिल्या की आमची टीम चौथी आली.

त्या दिवशी त्यांनी कप संपवला, दोऱ्याला धरून पिशवी बाहेर काढली, नीट पिळली आणि आंब्याच्या खालच्या फांदीवर वाळत घातली.

‘राहू दे,’ मी टाकायला उचलायला गेले तर म्हणाल्या. ‘अजून एक कप होईल यात.’